शौचकूप, घरगुती

मानवी मलमूत्र पाण्याच्या साहाय्याने, दुर्गंधी व जंतूंचा प्रसार होऊ न देता, विल्हेवाटीच्या जागेपर्यंत नेणाऱ्या घरातील रचनेला शौचकूप किंवा संडास म्हणतात. बसण्याचे भांडे, त्याखालील पाण्याचा बंद राखणारी वाकडी नळी, वाहक नळ आणि शेवटचा खड्डा, टाकी किंवा सार्वजनिक गटार असे तिचे चार भाग होत. यांपैकी केवळ पहिला भाग डोळ्यांना दिसतो. स्नानगृहाची नव्याने बांधणी करताना खर्च व लक्ष बहुधा भांड्यावर आणि फरशीवर केंद्रित होते. परंतु शौचकूप चालणे किंवा बिघडणे हे उरलेल्या तीन भागांवर अवलंबून असते. भांडे पसंत न पडल्यास बदलता येते, पण फरशीखाली गेलेली चूक फरशी फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही आणि खड्ड्यातील चूक शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

इतिहास : सांडपाणी जमिनीत मुरविण्याची कल्पना दख्खनला जुनी आहे. सातवाहनकालीन वसाहतींच्या उत्खननांत, उदा., नेवासे येथे, शोषखड्डे आढळले आहेत. भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक रचून खड्ड्याच्या बाजू सावरण्याची पद्धतही प्राचीन भारतात रूढ होती. पाण्याच्या बंदाचे तत्त्व मात्र अर्वाचीन आहे. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी इंग्लंडमध्ये वळणदार नळी असलेल्या शौचकूपाचे एकस्व मिळविले. नळीच्या वळणात पाणी साचून राहिल्याने गटारातील वायू घरात येईनासे झाले व शौचकूप घराच्या आत आणणे शक्य झाले.

महाराष्ट्रात टोपलीच्या संडासाची आणि त्यामुळे मैला वाहण्याचे काम विशिष्ट जातींवर लादण्याची प्रथा दीर्घकाळ होती. ती नाहीशी व्हावी म्हणून आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी कोकणात प्रयोग केले व कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमातून स्वस्त, हाताने साफ करावा न लागणारा ‘सोपा संडास’ प्रचारात आणला. पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. मापुसकर यांनी १९६० नंतरच्या दशकांत याच दिशेने काम केले. तेथे आरंभी बांधलेले संडास पावसाळ्यात खचले. त्यानंतर खड्ड्याच्या बांधणीकडे लक्ष पुरवून काम पुढे नेण्यात आले. १९७० मध्ये बिंदेश्वर पाठक यांनी बिहारमध्ये स्थापन केलेल्या सुलभ या संस्थेने दोन खड्ड्यांच्या संडासाचा देशभर प्रसार केला. महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये सुरू केलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि केंद्र शासनाने २ ऑक्टोबर २०१४ रोजी आरंभिलेले स्वच्छ भारत अभियान यांमुळे खेड्यांतील घरोघरी संडास झाले. असे संडास आता जुने होत असून त्यांच्या जागी नवे भांडे बसविण्याचा प्रश्न पुढे आला आहे.

पाण्याचा बंद : भांड्याखालील वळणदार नळीला कारागीर ‘कोंबडा’ किंवा ‘ट्रॅप’ म्हणतात. तिच्या वळणात कायम राहणाऱ्या पाण्याची परिणामकारक उंची म्हणजे बंदाची खोली होय. टाकीतून पाणी सोडण्याच्या शौचकूपात ती सामान्यतः ५० मिमी. असते. हाताने पाणी ओतावयाच्या ग्रामीण भांड्यात ती २० मिमी. पुरते, त्यामुळे दीड ते दोन लिटर पाण्यात मैला पुढे ढकलला जातो. कोंबडा किंचित जरी तिरपा बसला, तरी बंदाची खोली घटते. २० मिमी.च्या बंदात १० मिमी.ची चूक झाली, तर निम्मा बंद नाहीसा होतो. उन्हाळ्यात घर काही दिवस बंद राहिल्यास उरलेले पाणी आटून दुर्गंधी, झुरळे व डास यांना वाट मोकळी होते. यासाठी कोंबडा नजरेच्या अंदाजाने न बसविता पाणसळ लावूनच बसवितात.

कोंबड्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ज्याचे तोंड मागे भिंतीकडे जाते त्यास ‘पी’ आणि ज्याचे तोंड खाली जमिनीत जाते त्यास ‘एस’ प्रकार म्हणतात. ‘एस’ प्रकारच्या कमोडमध्ये भिंतीपासून नळाच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारणतः १००, २२५ किंवा ३०० मिमी. असते. जुन्या नळाचे अंतर तयार भिंतीपासून, म्हणजे गिलावा व फरशी यांची जाडी धरून, मोजल्यानंतरच कमोड विकत घ्यावा लागतो. आधी भांडे आणून मग नळ वाकविल्यास त्या वाकणातच मैला अडकतो.

जागेची पाहणी : ज्या जमिनीत मैलापाणी मुरावयाचे, तिच्या स्वरूपावर शौचकूपाचा प्रकार ठरतो. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे गाव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेरणा नदीकाठचे हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले तगर होय. प्राचीन वस्तीची टेकाडे, नदीकाठची काळी माती आणि तिच्याखालील काळा पाषाण असे भिन्न थर येथे थोड्या अंतरात भेटतात. गावठाणाला ‘पांढरी’ व शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याचा ग्रामीण प्रघात शौचकूपाच्या बाबतीतही अर्थपूर्ण ठरतो.

पांढरीची माती ही शतकानुशतके साचलेली राख, विटा, खापरे व पडक्या भिंतींची माती असते. ती भुसभुशीत व असमान असल्याने खड्ड्याच्या बाजू ढासळण्याचा धोका असतो. म्हणून खड्डा खणल्याबरोबर त्याचे अस्तर बांधून घेणे आवश्यक असते. अशा ठिकाणी खोदताना पुरावशेष मिळाल्यास काम थांबवून प्रशासनास कळवावे लागते. मौल्यवान वस्तूंबाबत तर १८७८ च्या भूमिगत निधीविषयक अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यास सूचना देणे बंधनकारक केले आहे. काळी माती पाणी फार हळू शोषते, पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात टाकलेले नळ त्यामुळे खालीवर सरकतात व सांधे सुटतात. काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून न गाळता दूरवर जाऊ शकते. अशा खडकात खड्डा घेतल्यास तळ सिमेंटने बंद करून बाजूंना सुमारे ५० सेंमी. जाडीचा बारीक वाळूचा थर देतात.

पिण्याच्या पाण्याची विहीर अथवा कूपनलिका आणि शोषखड्डा यांत निदान १० मी. अंतर ठेवतात, तसेच खड्ड्याचा तळ भूजलपातळीच्या किमान २ मी. वर असावा लागतो. भूजल याहून वर असल्यास किंवा खडक भेगाळ असल्यास हे अंतर पुरे होत नाही. विषमज्वर, पटकी, संसर्गजन्य कावीळ व जंत या रोगांचा प्रसार मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून व मातीतून होतो. विहीर शेजाऱ्याची असली, तरी अंतराचा नियम तितकाच लागू असतो.

मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची असतात. ओल धरल्यास अशा भिंतीतील माती सुटते आणि वरच्या मातीच्या छपराचा भार धोकादायक ठरतो. म्हणून जुन्या न्हाणीच्या जागी शौचकूप घेताना नळ भिंतीत न चिणता बाहेरून नेणे, भिंतीच्या पायथ्याशी जलरोधक थर देणे आणि खड्डा पायापासून दूर घेणे श्रेयस्कर असते. घराचे जोते उंच असल्यास नळाला उतार देणे सोपे जाते.

खड्ड्याची क्षमता : भांडे बदलले की खड्ड्यात जाणारे पाणीही बदलते. पाच माणसांच्या कुटुंबात दिवसाकाठी वीस वेळा शौचकूप वापरला जातो असे धरल्यास, हाताने दोन लिटर पाणी ओतावयाच्या ग्रामीण भांड्यातून ४० लि. पाणी खड्ड्यात जाते. त्याच जागी ६ लि. टाकीचा कमोड बसविल्यास ते १२० लि. आणि जुन्या १० लि. टाकीचा बसविल्यास २०० लि. होते. १ मी. व्यासाच्या व १ मी. परिणामकारक खोलीच्या खड्ड्याच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौ. मी. भरते. दुमट मातीत दर चौ. मी.ला दिवसाला सुमारे ३० लि. आणि घट्ट चिकणमातीत सुमारे १० लि. पाणी मुरते असे धरतात. म्हणजे एकच खड्डा दुमट मातीत दिवसाला सु. ९० लि., तर चिकणमातीत सु. ३० लि. पाणी रिचवितो. जो खड्डा ग्रामीण भांड्याला पुरत होता, तो कमोडला पुरत नाही. काही महिन्यांत तो तुडुंब भरतो आणि दोष मात्र नव्या भांड्याला दिला जातो.

चिकणमातीत अस्तराच्या बाहेर ३० सेंमी. जाडीचा वाळू, खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर भरल्यास खड्ड्याचा परिणामकारक व्यास १.६ मी. होतो आणि मुरण्याची क्षमता दिवसाला सु. ५० लि. होते. हे हाताने ओतावयाच्या भांड्याला पुरते. कमोडसाठी मोठा खड्डा किंवा मैलाटाकीच घ्यावी लागते. घरात गुडघेदुखीने त्रस्त वृद्ध असल्यास कमोड आवश्यक ठरतो. अशा वेळी भांड्याच्या खर्चाबरोबर खड्ड्याचा खर्चही आधीच धरावा. जेथे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते तेथे हा विचार दुहेरी महत्त्वाचा असतो. २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते.

दोन खड्ड्यांची रचना : कोंबड्यातून येणारा नळ एका चौकोनी हौदीत येतो. या हौदीतून इंग्रजी ‘वाय’ अक्षराप्रमाणे दोन नाल्या दोन खड्ड्यांकडे जातात आणि त्यांपैकी एक वीट-मातीने बंद ठेवतात. खड्ड्यांमधील अंतर त्यांच्या खोलीइतके, म्हणजे निदान १ मी. ठेवतात, अन्यथा एकाचे पाणी दुसऱ्यात झिरपते. अस्तर विटांचे असल्यास उभ्या सांध्यांत सुमारे ५ सेंमी.ची भोके ठेवून ते जाळीदार बांधतात. आत येणाऱ्या नळाच्या वरचा भाग भरीव बांधतात. तळ नैसर्गिक मातीचाच ठेवतात. नळाचे तोंड खड्ड्यात सु. १० सेंमी. पुढे काढतात, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत नाही. वायू मातीत शोषले जात असल्याने या रचनेला हवानळी लागत नाही.

दरडोई वर्षाला सु. ०.०४५ घ. मी. घनपदार्थ साचतो असे मानल्यास पाच माणसांसाठी तीन वर्षांत ०.६७५ घ. मी. जागा लागते आणि वरील मापाचा खड्डा ०.७८५ घ. मी.चा असतो. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवून पहिला दीड ते दोन वर्षे बंद ठेवतात. जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकत असल्याने ही मुदत कमी करता येत नाही. त्यानंतर आतील पदार्थ कोरडे, गंधहीन खत बनते आणि ते फावड्याने काढता येते. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवल्यास किंवा न्हाणीचे पाणी त्यांत सोडल्यास ही सर्व योजना निष्फळ होते.

मैलाटाकी : जेथे पाण्याचा वापर अधिक आहे परंतु सार्वजनिक गटार नाही, तेथे बंदिस्त मैलाटाकी अथवा सेप्टिक टाकी बांधतात. भारतीय मानकानुसार तिची किमान क्षमता १,००० लि., रुंदी निदान ७५ सेंमी. व पाण्याची खोली निदान १ मी. असते, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवतात. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते; ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात नेणे आवश्यक असते. टाकीला घराच्या माथ्यावर जाणारी हवानळी लागते. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसावा लागतो. टाकीत माणूस उतरविणे हे विषारी वायूंमुळे प्राणघातक असून संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेण्यास २०१३ च्या अधिनियमाने बंदी आहे. मोटारवाहन पोहोचेल अशा जागी टाकी घेणे आणि तिचे झाकण फरशीखाली गाडून न टाकणे, हे बांधणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

बसविण्याची क्रिया : जुने भांडे काढताच नळाचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करतात, अन्यथा वायू घरात येतात व राडारोडा नळात पडतो. त्यानंतर नळात बादलीभर पाणी ओतून ते हौदीत विनाअडथळा पोहोचते की नाही हे पाहतात. वाहक नळाचा व्यास १०० ते ११० मिमी. आणि उतार सामान्यतः ४० ला १ असतो. म्हणजे ६ मी. लांबीच्या नळाला १५ सेंमी. उतार लागतो. शौचकूप दुसऱ्या कोपऱ्यात हलवावयाचा असल्यास एवढी उंची उपलब्ध आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वीच मोजावे लागते. काटकोनी वळणे टाळून दोन सौम्य वळणे देतात व प्रत्येक वळणावर सफाईसाठी झाकण ठेवतात.

सर्व पातळ्या तयार फरशीच्या पातळीवरून ठरवितात. जुन्या फरशीवर नवी फरशी बसविल्यास जमीन वर येते, जुने भांडे खोलात जाते आणि न्हाणीचे पाणी त्यात वाहू लागते. म्हणून शक्य तेथे जुनी फरशी काढून टाकणेच योग्य असते. वरच्या मजल्यावर खोलगट भागात जलरोधक थर दिल्यावर तेथे २४ ते ४८ तास पाणी तुंबवून ठेवतात. खालच्या छतावर ओल दिसली नाही, तरच पुढील काम करतात.

भांडे आणल्यावर ते टिचकी मारून पाहतात. अखंड भांडे खणखणते, तडा गेलेले भांडे बद्द आवाज देते. तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव असून थापटण्याने कच्चे-पक्के पारखण्याची त्यांची आख्यायिका सर्वपरिचित आहे. काचेसारख्या चकाकीच्या आधुनिक भांड्यालाही तीच जुनी परीक्षा लागू पडते.

भारतीय पद्धतीचे भांडे विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर सर्व बाजूंनी आधार देऊन बसवितात. खाली पोकळी राहिल्यास वजनाने ते तडकते. कडा तयार फरशीशी समतल किंवा किंचित खाली ठेवतात आणि भोवतालच्या फरशीला भांड्याकडे उतार देतात. कमोड प्रथम कोरडाच ठेवून पाहतात, स्क्रूच्या जागा आखतात, मग फरशीला भोके पाडून प्लॅस्टिकच्या गुल्ल्या बसवितात. नळ व भांडे यांच्या सांध्यात रबरी जोडकडी वापरतात. न गंजणारे स्क्रू दोन्ही बाजूंना आळीपाळीने थोडे थोडे आवळतात; एकच बाजू जोराने आवळल्यास भांड्याचा पाया फुटतो. कमोड सिमेंटमध्ये घट्ट रोवणे टाळतात, कारण पुढे दुरुस्तीसाठी तो काढताना हमखास तुटतो. खोलीची रुंदी निदान ९० सेंमी. असावी, दार बाहेर उघडावे व वृद्धांसाठी भिंतीला आधाराची दांडी असावी.

चाचणी व दोष : फरशी पूर्ण होण्यापूर्वी नळाचे खालचे तोंड बंद करून तो पाण्याने भरतात आणि सांधे तपासतात. बसविल्यावर टाकीच्या पाण्यात रंग मिसळून ठेवतात. न वापरता भांड्यात रंग उतरल्यास टाकीची झडप गळत असते. कागदाचे तुकडे टाकून पाणी सोडल्यावर ते हौदीपर्यंत पोहोचतात की नाही, हेही पाहतात. पाणी सोडल्यावर गुडगुड आवाज येऊन बंदातील पाणी ओढले जात असेल, तर हवानळीचा अभाव किंवा तिच्यातील अडथळा हे कारण संभवते. भांडे डुलत असल्यास पाया असमान असतो. सतत दुर्गंधी येत असल्यास बंद अपुरा किंवा सांधा सुटलेला असतो. पाणी सावकाश उतरत असेल आणि नळ मोकळा असेल, तर खड्डा भरला आहे किंवा त्याची माती पाणी शोषत नाही, असे समजावे.

निगा : शौचकूपात कापड, प्लॅस्टिक, राख व आरोग्यपट्ट्या टाकीत नाहीत. तीव्र अम्लाने सांधे खराब होतात व खड्ड्यातील उपयुक्त जंतू मरतात. नित्य सफाईस ब्रश व सौम्य साबण पुरतो. खड्ड्यांची जागा, नळाची दिशा, हौदीचे स्थान व प्रवाह वळविल्याची तारीख यांचा नकाशा घरात जपून ठेवल्यास पुढील पिढीला फरशी फोडून शोध घ्यावा लागत नाही. कोरड्या संडासाची बांधणी व मैला वाहण्यास माणसे लावणे यांवर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली. भरलेली टाकी किंवा खचलेला खड्डा हाताने उपसावा लागला, तर बंद झालेले तेच काम दुसऱ्या वाटेने पुन्हा कुणाच्या तरी वाट्याला येते. योग्य उतार, पुरेसा बंद व पुरेसा खड्डा असलेल्या शौचकूपामुळे ही वेळ येत नाही.